ऑनलाइन परीक्षेतली कॉपी: स्क्रीनवर 'इशारा' आला म्हणजे विद्यार्थी दोषी ठरतो का?

पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झालेली असतात. घर वन-रूम-किचनचं, त्यामुळे टेबल मांडायला जागा एकच. मागून आई कुकर उतरवायला जाते आणि स्क्रीनवर लाल पट्टी येते: 'एकापेक्षा जास्त चेहरे आढळले.' पुढची चाळीस मिनिटं विद्यार्थ्याचं अर्धं लक्ष प्रश्नांवर आणि अर्धं त्या पट्टीवर असतं. त्याच वेळी त्याच वर्गातलं दुसरं कोणीतरी लॅपटॉपच्या कॅमेऱ्याच्या अगदी खाली मोबाइल ठेवून व्हॉट्सॲप ग्रुपवर '१ - ब, २ - ड' वाचत असतं. त्याच्या स्क्रीनवर काहीच इशारा येत नाही.

ऑनलाइन परीक्षेतला ताण आणि प्रामाणिकपणा यांवर बोलताना आपल्याकडे या दोन चित्रांपैकी एकच समोर ठेवलं जातं. एक बाजू म्हणते, 'सगळेच कॉपी करतात.' दुसरी म्हणते, 'मुलांना विनाकारण त्रास दिला जातो.' या दोन्ही गोष्टी एकाच पेपरमध्ये घडू शकतात, आणि खरी अडचण तीच आहे.

हे सगळं सुरू कुठून झालं?

संगणकावर परीक्षा देणं महाराष्ट्राला नवीन नव्हतं. पण ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असायची. समोर पर्यवेक्षक असायचा आणि मोबाइल बाहेर जमा व्हायचा. घरी बसून पदवीची परीक्षा ही कोविडने आणलेली गोष्ट.

जून २०२०मध्ये राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली. ६ जुलै २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सुधारित सूचना काढल्या: अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर घ्यावीच लागेल, मग ती ऑनलाइन असो, ऑफलाइन असो की मिश्र. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. युवा सेनाही याचिकाकर्त्यांमध्ये होती. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला. राज्यांना आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षा न घेता विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट केलं गेलं.

त्यानंतर विद्यापीठांच्या हातात तयारीसाठी काही आठवडेच उरले. ऑक्टोबर २०२०मध्ये राज्यात बहुतेक ठिकाणी साधारण तासाभराचे, बहुपर्यायी प्रश्नांचे पेपर घरून घेतले गेले. मुंबई विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेची परीक्षा पहिल्याच आठवड्यात कोलमडली. विद्यापीठाने सायबर हल्ल्याचं कारण दिलं आणि काही पेपर पुढे ढकलावे लागले. (मुंबईच्या विद्यार्थ्यांना याचं फार आश्चर्य वाटलं नसेल. २०१७मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा प्रयोग इतका फसला होता की निकाल काही महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद गमवावं लागलं.)

या परीक्षा ज्या घरांमध्ये घेतल्या जात होत्या, तिथली परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या पाहणीनुसार देशात ग्रामीण भागातल्या फक्त ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, शहरांत २३.४ टक्के. इंटरनेटची सोय असलेली कुटुंबं ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरांत ४२ टक्के. म्हणजे बहुतेकांनी पेपर मोबाइलवर दिला, आणि तो मोबाइल अनेक घरांत एकच होता.

कॉपी खरंच वाढली का?

अंदाज सगळ्यांकडे असतो, आकडे कमी जणांकडे. २०२३मध्ये फिलिप न्यूटन आणि किओनी एसेक्स या संशोधकांनी ऑनलाइन परीक्षांमधल्या कॉपीवर २०१२पासून झालेले १९ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत एकूण ४,६७२ विद्यार्थ्यांचा समावेश होता. 'मी कॉपी केली' अशी कबुली देणाऱ्यांचं प्रमाण कोविडपूर्वी २९.९ टक्के होतं, कोविडकाळात ते ५४.७ टक्क्यांवर गेलं. हे आकडे प्रामुख्याने परदेशातल्या विद्यार्थ्यांचे आणि स्वतःच्या कबुलीवर आधारलेले आहेत. कबुली देताना लोक सहसा कमीच सांगतात, त्यामुळे खरं प्रमाण जास्त असण्याची शक्यता आहे.

विद्यार्थ्यांनी कॉपीचं सर्वाधिक वेळा सांगितलेलं कारण फारच साधं होतं: संधी मिळाली म्हणून. आळस, अभ्यास न होणं, भीती ही कारणं होतीच, पण संधी आधी.

दुसरा पुरावा बाजारातून येतो. चेग या अमेरिकी संकेतस्थळावर पैसे भरून प्रश्न टाकला की थोड्या वेळात उत्तर मिळतं. थॉमस लँकेस्टर आणि कोडरिन कोटारलान यांनी विज्ञान-अभियांत्रिकीच्या पाच विषयांत तिथे आलेले प्रश्न मोजले. एप्रिल ते ऑगस्ट २०१९च्या तुलनेत २०२०च्या त्याच महिन्यांत प्रश्नांची संख्या १९६ टक्क्यांनी वाढली होती. हे सगळेच प्रश्न परीक्षेतले होते असं म्हणता येत नाही. पण शिक्षण घरी गेलं त्याच वेळी ही वाढ झाली, हा योगायोग मानणं कठीण आहे.

याची किंमत कोणी मोजली? ज्यांनी कॉपी केली नाही, त्यांनीही मोजली. 'कोविड बॅच' हा शब्द आठवत असेल. ऑगस्ट २०२१मध्ये तमिळनाडूतल्या मदुराईत एका खासगी बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत '२०२१मध्ये उत्तीर्ण झालेले पात्र नाहीत' असं छापून आलं होतं. समाजमाध्यमांवर गदारोळ झाल्यावर बँकेने ती छपाईतली चूक असल्याचं सांगितलं. चूक असेलही, पण ती जाहिरात इतकी पसरली ती त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या मनात नेमकी हीच भीती होती म्हणून.

नेमकं कशाला कॉपी म्हणायचं?

वर्गातल्या परीक्षेत हा प्रश्न फारसा पडत नाही. चिठ्ठी सापडली, शेजाऱ्याच्या पेपरात पाहिलं, डमी उमेदवार बसला, की विषय संपला. भरारी पथकाला व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. घरून दिलेल्या परीक्षेत मात्र रेषा पुसट होते. पाठ्यपुस्तक उघडं ठेवलं तर? मित्राला फोन करून 'तिसरा प्रश्न कळला का' असं विचारलं तर? गुगलवर सूत्र पाहिलं तर?

याचं उत्तर त्या परीक्षेच्या नियमांवर अवलंबून असतं. दिल्ली विद्यापीठाने ऑगस्ट २०२०मध्ये अंतिम वर्षाची परीक्षा 'ओपन बुक' पद्धतीने घेतली, तिथे पुस्तक पाहणं हाच नियम होता. तीच कृती बहुपर्यायी प्रॉक्टर्ड परीक्षेत गैरप्रकार ठरते. दुसऱ्याकडून उत्तर घेणं किंवा दुसऱ्याला परीक्षेला बसवणं हे मात्र दोन्हीकडे गैरच. अनेक विद्यार्थी इथेच अडकतात. 'पुस्तक चालतं' याचा अर्थ ते 'ग्रुपही चालतो' असा घेतात.

कायद्याबद्दलही गोंधळ आहे. 'कॉपी केली तर दहा वर्षं तुरुंगवास आणि एक कोटी दंड' असे मेसेज फिरतात. त्यांचा आधार केंद्राचा २०२४चा सार्वजनिक परीक्षा कायदा असतो, जो २१ जून २०२४पासून लागू झाला. हा कायदा यूपीएससी, रेल्वे भरती, बँक भरती, एनटीए अशा परीक्षांसाठी आहे. त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेतल्या लोकांवर आहे. परीक्षार्थीवर त्या-त्या संस्थेच्या नियमांनुसारच कारवाई होते. महाराष्ट्रात विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांसाठी १९८२चा वेगळा कायदा आहे. शिवाय प्रत्येक विद्यापीठाचे गैरप्रकारांबाबतचे स्वतःचे नियम असतात. त्यांत त्या पेपरचे गुण रद्द होण्यापासून पुढच्या काही परीक्षांना बसण्यास मनाई होण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. बी.ए., बी.कॉम.च्या विद्यार्थ्याचा संबंध येतो तो या नियमांशी.

कॅमेरा काय पाहतो?

'प्रॉक्टरिंग' म्हणजे दुरून केलेली देखरेख. ती ढोबळमानाने तीन प्रकारांनी होते. पलीकडे माणूस बसून थेट पाहतो, किंवा रेकॉर्डिंग करून नंतर पाहिलं जातं, किंवा सॉफ्टवेअरच पाहतं आणि संशयाच्या जागांवर खूण करतं. तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त, म्हणून लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षेत तोच जास्त वापरला जातो.

सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने फोटो घेतं आणि ओळखपत्रावरच्या फोटोशी जुळवून पाहतं. चौकटीत चेहरा आहे की नाही, एकच आहे की दोन, नजर वारंवार बाजूला जाते का, माइकमध्ये आवाज येतो का, परीक्षेची खिडकी सोडून दुसरी उघडली का, इंटरनेट किती वेळ तुटलं, हे सगळं नोंदवतं. प्रत्येक नोंदीला एक खूण पडते. काही सॉफ्टवेअर शेवटी खुणांची गोळाबेरीज करून संशयाचा गुणांक काढतात.

यात 'कॉपी केली का' हा प्रश्न कुठेच नाही, हे नीट पाहायला हवं. मशीनला फक्त 'नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं का' एवढंच कळतं. विचार करताना छताकडे पाहणारा, ओठ हलवत वाचणारा, दहा बाय दहाच्या खोलीत भावंडांसोबत बसलेला, कंदिलासारख्या उजेडात परीक्षा देणारा, रेंजसाठी गच्चीवर गेलेला, हे सगळे मशीनच्या हिशेबात 'वेगळे'. स्वतंत्र खोली, चांगला उजेड आणि वाय-फाय असलेल्या विद्यार्थ्याला खुणा कमी पडणार, हे उघड आहे.

खुणा माणसाने तपासल्या तर ही अडचण बरीच कमी होते. प्रश्न असा, की तपासतो कोण? प्रॉक्टर-यू या अमेरिकी कंपनीने मे २०२१मध्ये फक्त सॉफ्टवेअरवर चालणारी देखरेख विकणं बंद केलं. कंपनीनेच सांगितलेल्या कारणांपैकी एक असं, की सॉफ्टवेअरने संशयास्पद ठरवलेल्या सत्रांपैकी जेमतेम दहा-अकरा टक्के सत्रं संस्था पुन्हा तपासून पाहत होत्या.

मशीन चुकलं तेव्हा

अमेरिकेतल्या डार्टमथ विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०२१मध्ये १७ विद्यार्थ्यांवर ऑनलाइन परीक्षेत कॉपीचा आरोप ठेवला. पुरावा होता अभ्यासक्रमाच्या प्लॅटफॉर्मवरच्या नोंदींचा. परीक्षा सुरू असताना या विद्यार्थ्यांच्या खात्यांतून अभ्यासाची पानं उघडली गेल्याचं त्यांत दिसत होतं. विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं, 'आम्ही काही उघडलं नाही.' पुढे तज्ज्ञांनी दाखवून दिलं की एखादं उपकरण आधीपासून लॉग-इन असेल, तर प्लॅटफॉर्म पार्श्वभूमीला आपोआप पानं ताजी करू शकतो आणि त्याचीही नोंद होते. तोवर काहींना काढून टाकण्याचा निर्णयही झाला होता. जून २०२१मध्ये सगळे आरोप मागे घेतले गेले आणि अधिष्ठात्यांनी माफी मागितली.

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हीयू विद्यापीठातल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीचा चेहरा सॉफ्टवेअरला नीट ओळखता येत नव्हता. परीक्षेच्या वेळी तिला तोंडावर दिवा लावून बसावं लागायचं. तिने तिथल्या मानवाधिकार संस्थेकडे तक्रार केली. डिसेंबर २०२२मध्ये संस्थेने भेदभावाचा संशय मान्य केला. ऑक्टोबर २०२३च्या अंतिम निर्णयात मात्र तिच्या बाबतीत सॉफ्टवेअरमुळे भेदभाव झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण विद्यापीठाने तक्रार नीट हाताळली नाही असे ताशेरे मारले गेले. दोन्ही बाजू पाहिल्या तर हे प्रकरण दिसतं तितकं सरळ नाही.

खोली दाखवण्याचा मुद्दा वेगळा. ओहायोतल्या क्लीव्हलँड स्टेट या सरकारी विद्यापीठात परीक्षेआधी कॅमेऱ्याने खोली फिरवून दाखवायला सांगितलं, म्हणून एक विद्यार्थी न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२२मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने ही 'झडती' घटनाबाह्य ठरवली. भारतातल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही. पण २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला आहे, त्यामुळे घराच्या आतल्या चित्रीकरणाचं काय, हा प्रश्न इथेही टळणारा नाही.

ताण कुठून येतो?

थोडा ताण कामाचा असतो, जास्त झाला की कामगिरी घसरते, हे मानसशास्त्रात शंभर वर्षांहून जुनं निरीक्षण आहे. ऑनलाइन परीक्षेत त्यात आणखी काही थर चढतात. नेट जाईल का, चार्जिंग पुरेल का, उत्तर 'सबमिट' झालं की गोल फिरतच राहिलं, मागे जाऊन उत्तर बदलता येईल का. यांतल्या एकाही गोष्टीचा विषयाच्या अभ्यासाशी संबंध नाही. २०१९मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की मुळात परीक्षेची भीती जास्त असलेल्या विद्यार्थ्यांना कमी गुण पडतात, आणि कॅमेऱ्याची देखरेख असेल तर हा परिणाम आणखी ठळक होतो.

कॉपी आणि ताण यांचं नातं दुहेरी आहे. ताणामुळे काही जण कॉपीकडे वळतात. आणि 'बाकीचे सगळे करतायत, मीच मागे पडेन' ही भावना प्रामाणिक विद्यार्थ्याचा ताण वाढवते. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला वर्गात 'शहाणा' म्हणून टोमणे ऐकावे लागतात, हेही खरं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक, १,८३४, महाराष्ट्रात होत्या. हे आकडे ऑनलाइन परीक्षेशी थेट जोडणं चुकीचं ठरेल, तशी वर्गवारी त्यांत नाही. आत्महत्येमागे बहुतेक वेळा एकच एक कारण नसतंही. पण ज्या राज्यात विद्यार्थी इतक्या ओझ्याखाली आहेत, तिथे 'गैरप्रकाराची नोटीस' एखाद्याच्या मोबाइलवर दोन ओळींच्या मेसेजने पाठवणं किती बेफिकिरीचं आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

चॅटजीपीटीनंतर काय बदललं?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आलं आणि घरी लिहायच्या उत्तरांचा सगळा हिशेब बदलला. त्यापाठोपाठ 'हे उत्तर मशीनने लिहिलंय का' हे ओळखण्याचा दावा करणारी साधनं आली. ती किती भरवशाची? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपन-एआय कंपनीने स्वतःचं असं साधन जुलै २०२३मध्ये अचूकता कमी असल्याचं सांगून मागे घेतलं.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के या साधनांनी 'मशीनने लिहिलेले' ठरवले. हे सगळे निबंध माणसांनी लिहिले होते. कारण असं, की दुसऱ्या भाषेत लिहिणारा माणूस साधे, नेहमीचे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना वापरतो, आणि साधनं नेमकं तेच मशीनचं लक्षण मानतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हा अभ्यास लक्षात ठेवलेला बरा. शिक्षकांनी तर नक्कीच.

आरोप झालाच तर?

नोटीस आली म्हणजे निकाल लागला, असं नसतं. विद्यापीठांमध्ये गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी समिती असते. शिक्षेआधी विद्यार्थ्याला आरोप काय आहे हे कळवणं आणि त्याचं म्हणणं ऐकून घेणं, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व आहे. ते पाळलं नाही तर उच्च न्यायालयात दाद मागता येते.

चौकशीत अनेक जण एक चूक करतात. घाबरून, 'सही केली की प्रकरण मिटेल' या भरवशावर, न केलेल्या गोष्टीची कबुली लिहून देतात. त्याऐवजी पुरावा लेखी मागावा: कोणती खूण, किती वाजता, फोटो किंवा रेकॉर्डिंग कुठे आहे. पेपरच्या वेळी वीज किंवा नेट गेलं असेल, तर स्क्रीनशॉट आणि हेल्पलाइनला लगेच केलेला ईमेल नंतर फार कामी येतो. फोनवर झालेल्या बोलण्याची नोंद राहत नाही. आणि कॉपी खरंच केली असेल, तर खोटी कहाणी रचण्यापेक्षा ते समितीसमोर मान्य करणं बरं, कारण रचलेली कहाणी वेळांच्या नोंदींपुढे सहसा टिकत नाही.

शिक्षकांच्या हातात आणखी एक साधन आहे, आणि त्याला कॅमेरा लागत नाही. पेपर वेगळा काढणं. 'महाराष्ट्र राज्याची स्थापना कधी झाली?' या प्रश्नाचं उत्तर दोन सेकंदांत सापडतं. 'तुमच्या तालुक्यातल्या पिकांत गेल्या वीस वर्षांत काय बदल झाला आणि का?' याचं उत्तर ग्रुपवर फिरवलं तर लगेच ओळखू येतं. पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेत उत्तर स्वतःचं आहे की नाही हे कळतं. अडचण तपासणीची आहे. एका प्राध्यापकाकडे १२० विद्यार्थी आणि चार वर्ग असतील, तर बहुपर्यायी पेपर आणि सॉफ्टवेअर हाच मार्ग सोपा वाटतो. रिक्त जागा भरल्याशिवाय तोंडी परीक्षा कोण घेणार, हा प्राध्यापकांचा प्रश्नही रास्त आहे.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत एक बदल अलीकडचा आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असायला हवा. आपल्या महाविद्यालयात तो आहे का, हे विद्यार्थी कार्यालयात विचारू शकतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. कॉलला पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.